श्लुटरचे दोन पट्टे

२४ मार्च
खोली चौदा, खिडकीकडची खाट

ब्रॉडी,

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस त्यातलं अर्धं मला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते खोटं असतं. कागदावर खोटं बोललास तर निदान पुरावा राहतो. माझ्या भावाने तुला अकरावीपर्यंत रेटलंय, तेवढ्या शिक्षणात पत्र लिहिता येतं.

आता नीट वाच. काल लॉरेल येऊन गेली. पोटची मुलगी, पण बोलते विमा कंपनीसारखी. नोकरीच तिथे, करणार काय. म्हणाली, "आई, जानेवारीत तू पोस्टाच्या पेटीपाशी बर्फावर पडलीस. चाळीस मिनिटं तशीच पडून होतीस. पोस्टमन आला म्हणून सापडलीस. आत्ता ब्रॉडी घरात आहे, पण जूनमध्ये तो जाणार डुलुथला, बोटीवरच्या नोकरीला. मग पडलीस तर कळणार कुणाला?"

मी म्हटलं, मी परत पडणार नाहीये.

म्हणाली, "खुब्यात तीन खिळे ठोकलेली बाई असं म्हणते तेव्हा काय बोलायचं ते मला सुचत नाही."

तासभर भांडलो. शेवटी ठरलं ते असं. मेच्या पहिल्या रविवारी ती घर बघायला येणार. थंडी संपल्यावर दरवर्षी आपलं पुढचं अंगण जसं तयार असतं तसं असलं, तर मी घरी. नसलं, तर घर विकायचं आणि मी कायमची इथे शुश्रूषागृहात, या पिवळ्या भिंतीकडे बघत. "ज्या अंगणाकडे बघायला माणूस नाही, त्या घरात पडलेल्या बाईकडे कोण बघणार?" असं तिचं म्हणणं. मुद्दा बरोबर आहे म्हणून जास्त राग आला.

तेव्हा ऊठ. पहिली गोष्ट, बर्फ गेला की लगेच गवतावर नाचू नकोस. टाच दाबून बघायची. खड्ड्यात पाणी आलं तर मागे फिरायचं आणि आठवडाभर थांबायचं. ओल्या मातीवर चाललं की ती दगडासारखी बसते. दुसरी गोष्ट, शेजारच्या श्लुटरला काही विचारायचं नाही. तो फुटपट्टी घेऊन गवत मोजणारा माणूस आहे, आणि मी त्याच्याशी अकरा वर्षं बोललेली नाही.

अर्विला आत्या


३० मार्च
तुझंच तळघर

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. माझ्या नावाने केलेले उद्धार मोजले, पाच आहेत. म्हणजे तब्येत सुधारतेय.

बर्फ गेला. खालून जे निघालं ते सांगतो. कुत्र्यांची घाण, छत्तीस ठिकाणी. आपल्याकडे कुत्रा नाही. म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या कुत्र्यांनी हिवाळाभर आपलंच अंगण पसंत केलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. हातमोजे तीन, तिन्ही डाव्या हाताचे. वर्तमानपत्रं सहा, लगदा झालेली. आणि तुझं बर्फ काढायचं लाल फावडं. श्लुटरच्या भाच्याने चोरलं म्हणून तू पोलिसांत कळवलं होतंस ना, तेच. झुडपाखाली होतं. पोलिसांना मी काही बोललेलो नाही, घरातली गोष्ट घरात.

रस्त्याच्या कडेला बर्फ ढकलणाऱ्या गाडीने गवत सोलून काढलंय आणि वर पोतंभर खडी टाकलीय. मध्ये मध्ये राखाडी गोल बुरशी आलीय, एखाद्या टकलावर ओल्या बश्या ठेवल्यासारखी. तुझी ती उंच झुडपं अजून थंडीसाठी गोणपाटात गुंडाळलेली आहेत. पाठमोरी उभी राहिलेली मावश्यांची रांग वाटते. मी एकीला टोपी घातली आणि चष्मा लावला. पोस्टमनने तिला गुड मॉर्निंग केलं.

टाचेची परीक्षा घेतली. पास. जवळजवळ पास.

कडेच्या तुटक्या फांद्या उचलायच्या होत्या म्हणून पिकअप जरा आत घेतली. जरा रुतली. निघाली पण लगेच. जरा चाकाची खूण राहिलीय. बाकी सगळं उत्तम.

तुझा लाडका
ब्रॉडी


४ एप्रिल

ब्रॉडी,

तुझ्या पत्रात 'जरा' तीन वेळा आहे. माझा नवरा, तुझे व्हर्नन काका, एकदा 'जरा' म्हणाले तर मी अग्निशमन दलाला बोलवायची.

चाकाची खूण किती खोल? मनगटाएवढी का कोपराएवढी? आणि किती लांब? लिहू नकोस, मला कळलंय. रस्त्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, दोन चर. गाढवा, छत्तीस जागची घाण उचलायला तुला गाडी लागते का?

आता हे कर. चरांत काळी माती भर, पायाने दाब, परत भर. वर बी टाक, त्यावर थोडा पेंढा. बुरशी झालीय तिथे बांबूचं दाताळं घे आणि हलक्या हाताने विंचर, तान्ह्या बाळाचे केस विंचरतात तसं. लोखंडी घेतलंस तर मुळं हातात येतील. खडी झाडून परत रस्त्यावर टाक, ती नगरपालिकेची आहे. गोणपाट ढगाळ दिवस बघून काढ, नाहीतर झुडपं उन्हाने भाजतात. गॅरेजमध्ये फडताळावर हिरव्या पिशवीत तण रोखायचे दाणे आहेत. लायलॅकच्या झुडपाला कोंब फुटले की ते सगळीकडे पसर, म्हणजे उन्हाळ्यात तण माजत नाही.

माझी काळजी करू नकोस. मी रोज सकाळी काठीशिवाय वीस पावलं चालते. व्यायाम घ्यायला येणारा मुलगा थक्क झालाय.

आत्या


१४ एप्रिल

प्रिय आत्या,

कोपराएवढी होती. तू चेटकीण आहेस.

सगळं केलं. माती भरली, बी टाकलं, पेंढा टाकला. बाळाचे केस विंचरले. दिवसभर विंचरून माझी पाठ तुझ्या वयाची झाली. गोणपाट काढलं, चष्मेवाल्या मावशीचं सगळ्यात शेवटी, जड अंतःकरणाने. काल लायलॅकला कोंब दिसले, लगेच तणाचे दाणे पसरले. पिशवीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट. चरांवर तर तिप्पट. मोकळी माती बघून तण तिथेच पहिलं येणार ना? मीसुद्धा डोकं चालवतो कधी कधी.

आता तुझं. गुरुवारी पेट्रोलपंपावर ट्रिना भेटली. तुमच्या तिथे जेवण वाढते ती. आठवीत मी तिच्या दप्तरात बेडूक ठेवला होता, तरी बोलते बिचारी. मी म्हटलं, आमच्या आत्या काय म्हणतात, वीस पावलं? ती इतकी हसली की तिच्या हातातली कॉफी माझ्या बुटावर सांडली. म्हणे, "तुझी आत्या खाटेवरून खाली पाय ठेवत नाही. व्यायामवाला आला की झोपेचं सोंग. परवा त्याने हाक मारली तर डोळे मिटून म्हणाली, मी झोपलेय."

वर म्हणे दुपारभर खाटेवरच पत्ते खेळतेस आणि बाजूच्या खोलीतल्या बायकांना फसवतेस.

कागदावर खोटं बोललं की पुरावा राहतो, असं मला कुणीतरी लिहिलं होतं.

ब्रॉडी


१७ एप्रिल

गाढवा, गाढवा, गाढवा.

तणाचे दाणे म्हणजे काय असतं? ते बी उगवू देत नाहीत! तणाचं नाही, गवताचं नाही, कशाचंच नाही. त्या दाण्याला काय कळतं कुठलं बी कुणाचं? तू आधी बी पेरलंस आणि मग त्यावर तिप्पट विष टाकलंस. त्या चरांत आता जुलैपर्यंत काडी उगवणार नाही. लॉरेल अठरा दिवसांनी येतेय.

हो, मी 'सगळीकडे' असं लिहिलं होतं. बी टाकलंय ते सोडून, हे माणसाला कळतं. तुला माणूस धरलं ही माझी चूक.

ट्रिनाला सांग, पुढच्या वेळी बेडूक मी आणून देईन.

आता खरं सांगते, कारण तू तसाही ते कुठूनतरी काढणारच. मी चाललेली नाही. एकदा उभी राहिले होते. फरशी कोरडी ठणठणीत, आणि मला पायाखाली बर्फ आहे असंच वाटत होतं. त्या दिवशी पडल्यावर मी हाका मारल्या. पहिली दहा मिनिटं. मग थांबले, कारण आपलाच आवाज ऐकून जास्त भीती वाटायला लागली. लॉरेलला हे सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तर मृत्युपत्रात तुला फक्त ते तीन डावे हातमोजे ठेवीन.

असं करू. तू मला जेवढं खरं लिहिशील तेवढी मी चालेन. एका खऱ्या गोष्टीला एक पाऊल.

आणि अंगणाला आता एकच उपाय आहे. मागच्या अंगणातलं गवत मातीसकट कापायचं, सतरंजीसारखं गुंडाळायचं आणि चरांत आणून अंथरायचं. चर तेवढे उकरून घे आधी, विषारी माती बाजूला काढ. सपाट कुदळ वापर.

आत्या


२२ एप्रिल

प्रिय आत्या,

आज बरीच पावलं चालायला लागणार आहेत तुला. बसून वाच आधी.

मागचं अंगण बघितलं. तिथे गवत नाही. शेवाळ आहे, आणि हिवाळ्यात बर्फाखाली उंदरांनी बोगदे काढलेत. मेट्रोचा नकाशा वाटतो. कुदळ घातली तर भुगा हातात आला.

मग मी कुंपणापलीकडे बघितलं. एवढंच. बघायला कुणाची बंदी आहे?

आत्या, श्लुटरकाकांचं गवत! एप्रिलमध्ये! आपल्याकडे सगळ्यांचं अजून गाढवाच्या पाठीसारखं, आणि त्यांचं म्हणजे बिलियर्डच्या टेबलाचं कापड. शिवाय त्यांच्या गॅरेजच्या मागे एक लांब तुकडा आहे, तिकडे रस्त्यावरून कुणाची नजर जात नाही. मी मनाशी म्हटलं, जिथे कुणी बघतच नाही तिथे एवढं चांगलं गवत ठेवणं म्हणजे उधळपट्टी.

काल रविवार. श्लुटरकाका पावणेनऊला कोट घालून चर्चला गेले. प्रवचन पाऊण तास, मग खाली तळघरात कॉफी आणि बार्स म्हणतात त्या गोड वड्या, तिथे ते छताच्या गळतीवर बोलणार, म्हणजे आणखी अर्धा तास. मी नऊला कुदळ घेऊन आत. केकसारखं कापलं. गुंडाळलं. ढकलगाडीच्या सहा खेपा. समोरच्या घरातली बाई खिडकीत उभी होती, तिने हात केला, मीही केला. दिवसाढवळ्या ढकलगाडी घेऊन चाललेल्या माणसावर कुणी संशय घेत नाही.

साडेदहाला दोन्ही चर भरले. रस्त्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, सरळ, सपाट. मी रस्त्यावर जाऊन कौतुकाने वळून बघितलं.

आणि तिथेच बसलो.

आपलं गवत फिकट पोपटी. त्यांचं जवळजवळ निळं. आधी कशी, मातीची खूण होती, पावसाने गेली असती एखादवेळेस. आता पिकअप कुठून आत आली, कुठे रुतली, कुठे मी ती मागे-पुढे केली, सगळं गडद हिरव्या रंगात रेखाटलंय. गावात या रंगाचं गवत एकाच माणसाकडे आहे, आणि तो शेजारीच राहतो. जेवणाच्या वेळी त्यांची गाडी आली. मी पडद्यामागे. ते उतरले, आपल्या अंगणाकडे बघितलं, घरात गेले.  तेव्हापासून मला जेवण जात नाहीये.

सगळं खरं लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

ब्रॉडी


२५ एप्रिल

ब्रॉडी,

तुझं पत्र मी पत्त्यांच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. 'तिथेच बसलो' वर मिसेस ओडेगार्ड इतकी हसली की तिची ऑक्सिजनची नळी निघाली. नर्स धावत आली. मला आता सार्वजनिक वाचनाला बंदी आहे.

अकरा पावलं चालले. नर्सचा हात धरून, पण चालले. शेवटची दोन शिव्या देत.

आता ऐक. श्लुटर स्वतःचं गवत ओळखतो. त्याला डोळे बांधून गावभर फिरवलं तरी तो पायाने सांगेल. त्याने लॉरेलसमोर तोंड उघडलं तर ती म्हणणार, आईने घर चोराच्या हातात दिलंय. तेव्हा रविवारच्या आत तू त्याच्याकडे जा, टोपी काढ, आणि स्वतः सांग. माझं नाव घेऊ नकोस.

आम्ही का बोलत नाही ते तुला माहीत नसेल, तू आठ वर्षांचा होतास. तुझ्या काकांचा अंत्यविधी झाला. आम्ही चर्चमधून घरी आलो, सगळ्या गाड्या दारात, काळे कपडे घातलेली माणसं उतरतायत, आणि हा शेजारी स्वतःचं गवत कापतोय. मशीन धडधडतंय. चर्चला आला नाही ते नाहीच, एक दिवस यंत्रही बंद ठेवता आलं नाही त्याला. तीस वर्षांचे शेजारी. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने टोपी काढली आणि कापत राहिला. संपलं.

तेव्हा त्याने तुला चार शब्द सुनावले तर ऐकून घे, पण उपकार घेऊ नकोस.

आत्या


२९ एप्रिल

प्रिय आत्या,

शनिवारी गेलो. टोपी घरीच ठेवून गेलो, काढायला विसरायला नको. श्लुटरकाका अंगणात गुडघ्यावर बसून फुटपट्टीने काहीतरी मोजत होते. शपथेवर सांगतो, फुटपट्टीच होती.

मी म्हटलं, "काका, एक सांगायचं होतं."

"सहा दिवस लागले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"रविवारी चर्चहून आलो, गॅरेजच्या मागे गेलो. रोज जातो."

"गॅरेजच्या मागे रोज? कशाला?"

"गवत बघायला," म्हणाले. असं म्हणाले जसं मी विचारलं होतं की रोज श्वास कशाला घेता.

"मग तेव्हाच का नाही पकडलंत?"

उठले. गुडघे वाजले. "चोर ठीक आहे रे. चोराला शिक्षा करता येते. पण सहा दिवसांत तू त्याला एकदाही पाणी घातलं नाहीस. मी खिडकीतून बघतोय. सहा दिवस! जनावर चोरलं असतंस तर त्याला तरी पाणी दाखवलं असतंस ना?"

आणि निघाले. मी मागे. आपल्या अंगणात येऊन त्यांनी एका पट्ट्याची कड उचलली, मला दाखवली. "बघ. मुळं हवेत. खाली पोकळी. दाबलं कुणी? रोलर कुठेय? माझं गवत तुमच्या दारात तहानेनं मरतंय आणि तू पडद्यामागे लपतोस."

मग जे झालं ते असं की संध्याकाळपर्यंत मी गुलाम होतो. सगळं गवत उचललं, खालची माती सारखी केली, परत अंथरलं, त्यांचा पाण्याने भरायचा रोलर ओढला, पाणी घातलं. बाकीचं अंगण त्यांनी बघितलं, चिमूटभर माती उचलली, तणाचे दाणे ओळखले, माझ्याकडे बघितलं आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. तुझ्या तीन 'गाढवा'पेक्षा ते वाईट होतं.

शेवटी पाइप गुंडाळताना म्हणाले, "हे दोन पट्टे माझे. त्यावर तुमचं मशीन चालणार नाही. पाणी मी घालणार, कापणार मी. तीन आठवडे कुणी पाय ठेवायचा नाही." उपकार घेऊ नकोस म्हणालीस, पण हा उपकार आहे का कब्जा आहे ते मला कळेना, म्हणून मान डोलावली.

आता पुढचं. तुझं नाव मी घेतलं. रागाव. मी विचारलं, "तुम्ही आत्याशी बोलत का नाही?"

"तीच बोलत नाही."

"काकांच्या अंत्यविधीच्या दिवशी तुम्ही गवत कापत होतात."

 पाइप हातात तसाच. म्हणाले, "व्हर्नन तीन आठवडे दवाखान्यात होता. इथे त्याच्या अंगणात गवत गुडघ्याला आलेलं. त्या दिवशी शंभर माणसं येणार होती. तुम्ही सगळे चर्चमध्ये होतात तेव्हा मी आधी हे कापलं. पुढचं, मागचं, कडा, सगळं. मग माझं कापायला घेतलं, एक अंगण नीट आणि शेजारचं नाही असं बरं दिसत नाही. माझं अर्धं झालं आणि तुम्ही आलात. अर्धं कापलेलं सोडणार कसं?"

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही?

म्हणाले, "कापलेलं दिसतं की. सांगायचं काय त्यात?"

खरं ते सगळं लिहिलंय. पावलांचा हिशेब तू कर.

ब्रॉडी


२ मे

ब्रॉडी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. उत्तर आज लिहितेय.

त्या दिवशी अंगण कापलेलं होतं. मला आठवतं. मला वाटलं लॉरेलच्या नवऱ्याने कापलं. मी त्याचे आभारही मानले. त्याने ते घेतले, मेल्याने.

काल जेवणघरापर्यंत गेले. फक्त काठी. व्यायामवाल्या मुलाने टाळ्या वाजवल्या, मी त्याला म्हटलं, सर्कशीतलं अस्वल आहे का मी? उद्या पायऱ्या.

रविवारी लॉरेलशी खोटं बोलू नकोस. अंगण दरवर्षीसारखं नाही, ते तिला दिसेलच. घर गेलं तर गेलं. (हे मी म्हणतेय तसं मला वाटत नाही, तुला कळतंयच.) श्लुटरला यातलं काही सांगू नकोस.

आत्या


५ मे, रविवार

प्रिय आत्या,

लॉरेलताई अकराला आली. हातात फाइल. गाडीतून उतरली आणि फुटपाथवरच उभी राहिली.

"ब्रॉडी, हे काय आहे? गाडी गेल्यासारखं दिसतंय."

"गाडीच गेली होती ताई. माझी."

"आणि इथे सगळं टक्कल का पडलंय?"

"त्यावर मी विष टाकलं."

"आणि हे गडद गवत कुठून आणलं?"

"चोरलं."

ती अंगणात आली, फाइल उघडली, बंद केली. विमा कंपनीत अशी माणसं तिला भेटत नसावीत, लगेच कबूल करणारी. म्हणाली, "दरवर्षीसारखं नाहीये हे." मी म्हटलं, नाहीये. एकही थाप मारली नाही आत्या. आयुष्यात पहिल्यांदा. ती फोन काढायला लागली. बहुतेक घर विकणाऱ्या माणसाला करणार होती.

तेवढ्यात श्लुटरकाका पाइप ओढत कुंपणातून आले. चर्चचा कोट, खाली रबरी बूट. "पायाखाली बघ," म्हणाले तिला. "तू माझ्या गवतावर उभी आहेस."

ती टुणकन बाजूला झाली. "तुमच्या?"

"माझंच आहे. चोरीला गेलं. आता इथेच राहणार, परत हलवलं तर मरेल."

"म्हणजे तुम्ही इथे येता?"

"सकाळी सहाला पाणी. संध्याकाळी सातला पाणी. गुरुवारी कापणी."

"रोज?"

"मग? मूल एक दिवसाआड जेवतं का?"

लॉरेलताईने फोन खाली केला. "आणि हे किती दिवस चालणार?"

"गवत काय महिन्याच्या बोलीवर लावतात?"

मग तिने तो प्रश्न विचारला. मला वाटतं ती तोच विचारायला मिनियापोलिसहून आली होती. म्हणाली, "आणि जानेवारीत? जानेवारीत गवत कुठे असतं?"

श्लुटरकाकांनी तिच्याकडे असं बघितलं की ती जणू चौथीत नापास झालीय. "बर्फाखाली असतं! तेव्हाच तर जास्त लक्ष लागतं. बर्फाचा ढीग त्यावर पडला की बुरशी धरते. इथला बर्फ मीच काढणार, रोज सकाळी, दारापासून त्या पेटीपर्यंत. दुसऱ्या कुणाच्या हातात फावडं दिसता कामा नये. मीठसुद्धा टाकू देणार नाही. वाळू टाकीन."

ताईने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मी मान लांब करून बघितलं. 'सहा. सात. गुरुवार. जाने. रोज.' असं होतं. मग पेनला टोपण लावलं आणि म्हणाली, "आईकडे जाऊन येते." मला काही सांगितलं नाही. श्लुटरकाकांना मात्र म्हणाली, "थँक्यू." ते म्हणाले, "बाजूला हो, पाणी घालायचंय."

तुला काय सांगितलं तिने? लवकर लिही. मी सोफ्यावर नाही बसलेलो, उभा आहे.

ब्रॉडी


८ मे

ब्रॉडी,

बस आता.

रविवारी दुपारी लॉरेल आली आणि खाटेच्या कडेवर बसली. म्हणाली, "आई, अंगण भयंकर आहे. ब्रॉडी चोर आहे. शेजारी वेडा आहे." मग नाक पुसलं. म्हणाली, "शनिवारी सामान भरते."

मी तिला चाळीस मिनिटांतल्या त्या हाकांचं सांगितलं. माझं मीच. नंतर आम्ही दोघी जेवणघरापर्यंत चालत गेलो आणि तिथली ती भयानक जेली खाल्ली.

तर शनिवारी अकरा वाजता. नीट ऐक. घर झाडून ठेव, तळघरात तू काय काय पाळलंयस ते बाहेर काढ. ट्रिनाला जेवायला बोलव, तिने माझी सगळी बिंगं फोडली तरी पत्ते चांगले खेळते. बोटीवर जाण्याआधी मागच्या अंगणातले उंदरांचे बोगदे बुजव, पण त्या वेळी मी खिडकीत बसलेली असेन, तेव्हा पिकअप रस्त्यावरच राहू दे.

गाडी रस्त्यावर थांबेल. लॉरेलला सांगितलंय, दारापर्यंत आणायची नाही. तूही हात धरायला येऊ नकोस. मी काठी घेऊन उतरणार.

श्लुटरशी पहिलं काय बोलायचं याचा मी चार दिवस विचार केला. अकरा वर्षं गप्प राहिल्यावर सॉरी म्हणायला जाणं मला जमणार नाही, आणि त्याला ते ऐकताही येणार नाही, तो लगेच पाइप घेऊन निघून जाईल. म्हणून ठरवलंय. त्या नव्या गवतावर तीन आठवडे पाय ठेवायचा नाही ना? अजून एक आठवडा बाकी आहे. मी गाडीतून उतरून पहिलं पाऊल बरोबर त्याच्या पट्ट्यावर टाकणार, आणि तिथून दारापर्यंत त्याच पट्ट्यावरून येणार, सावकाश, काठी रोवत रोवत. तो ओरडत धावत येईल. त्याला अडवू नकोस.

आत्या